बाप्तिस्म्याला उभं कोणी राहायचं?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही नाशिकरोडला राहतो, मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. मी कॅथलिक, मूळ श्रीरामपूरकडचा. पत्नी शरणपूरच्या सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट) घरातली. गॉडफादर म्हणून दुबईतला माझा मोठा भाऊ किंवा माझा जिवलग मित्र (तो हिंदू आहे) आणि गॉडमदर म्हणून पत्नीची धाकटी बहीण, असं आमचं ठरत होतं. आईचा हट्ट आहे की मान आत्याचा. चर्चच्या ऑफिसात फादर म्हणाले, मेहुणी गॉडमदर होऊ शकत नाही, मित्र तर नाहीच. माझ्या बहिणीचं लग्न कोर्टात झालंय हे कळल्यावर तिच्याबद्दलही थांबायला सांगितलं. एवढी तपासणी कशाला? गॉडपेरेंटचं काम तरी काय असतं? आणि उद्या आम्हा दोघांचं काही बरंवाईट झालं, तर मुलगी त्यांच्याकडे जाते ना?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्या एका समजुतीवर लोक मोठे निर्णय घेऊन बसतात. नाही, जात नाही. गॉडफादर-गॉडमदर झाल्याने भारतीय कायद्यात कुणालाही मुलाचं पालकत्व मिळत नाही. ख्रिस्ती घरात आई-वडील दोघंही गेले आणि मुलाचा प्रश्न कोर्टात गेला, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्ट मुलाचं हित पाहून पालक नेमतं. मुलगी भावाकडेच राहावी असं वाटत असेल तर मृत्युपत्र करा. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६० प्रमाणे वडिलांना अज्ञान मुलासाठी मृत्युपत्रातून पालक नेमता येतो. ते काम वकिलाचं. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतलं नाव तिथे कामाला येत नाही. माझ्याकडे अधूनमधून एखादं जोडपं असं येतंच, ज्यांनी 'पुढेमागे सांभाळेल' म्हणून नात्यातला सर्वांत पैसेवाला माणूस निवडलेला असतो. त्या माणसाला बिचाऱ्याला आपल्याकडून काय अपेक्षा आहे याची कल्पनाही नसते.

मी बावीस वर्षं आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याआधीचा वर्ग घेते. शनिवारी संध्याकाळी आई-वडील, उभी राहणारी दोघं, एखादी आजी आणि कडेवर रडणारी बाळं. शाळेत शिकवत होते तेव्हापासूनची सवय, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

'गॉडफादर' या शब्दाने आपल्याकडे फार घोळ घातला आहे. सिनेमातला गॉडफादर, राजकारणातला गॉडफादर, म्हणजे वशिल्याचा माणूस. मराठी प्रार्थनापुस्तकी शब्द धर्मपिता-धर्ममाता. गोव्याकडून आलेल्या घरांत पोर्तुगीज वळणाचे शब्द ऐकू येतात. पण मला आपल्या नगर-नाशिकच्या जुन्या माणसांचं बोलणं सगळ्यांत नेमकं वाटतं. ती विचारतात, "तुझ्या बाप्तिस्म्याला उभं कोण होतं?" पतसंस्थेत कर्जाला जामीन उभा राहतो, तसं उभं राहणं. आणि गंमत म्हणजे चर्चचा मूळ लॅटिन शब्द 'स्पॉन्सर', त्याचा अर्थही जामीनच. इसवी सन २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या तेर्तुलियन नावाच्या लेखकाने लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नका असं लिहिलं, तेव्हा त्याचं एक कारण हे जामीनच होते. त्यांना कशाला अडचणीत टाकता, तो म्हणतो; ते स्वतः मरून गेले तर शब्द अपुरा राहील, आणि मूल वाईट निघालं तर शब्द खोटा पडेल. चर्चने त्याचं 'घाई नको' ऐकलं नाही, आजचा नियम जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा द्यावा असा आहे. पण जामीनकीचं वजन त्याने अठराशे वर्षांपूर्वी बरोबर ओळखलं होतं. आपण ते विसरलो आणि त्याचा मानपान करून टाकला.

जामीन कसला, ते विधीतच दिसतं. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या बाप्तिस्म्याला जाल तेव्हा फोटोग्राफरच्या मागे उभं न राहता कान देऊन ऐका. दारातच फादर आई-वडिलांना विचारतात, मुलाचं नाव काय, ख्रिस्तसभेकडे काय मागता. मग उभं राहणाऱ्या दोघांकडे वळून एकच प्रश्न: या आई-वडिलांना त्यांचं कर्तव्य पार पाडायला मदत कराल का? बस्स, नेमणूक एवढ्या एका वाक्याची. त्यानंतर बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण आधी फादर करतात, मग आई-वडील आणि मग गॉडपेरेंट. पाणी ओतण्याआधी सैतानाला नाकारण्याचे आणि श्रद्धेचे प्रश्न येतात, तेव्हा ही दोघं आई-वडिलांबरोबर उत्तरं देतात. इथे एक बारीक गोष्ट आहे. १९६९ च्या आधीच्या विधीत प्रश्न बाळाला विचारले जात आणि गॉडपेरेंट बाळाच्या वतीने उत्तर देत. आता मोठी माणसं स्वतःच्या श्रद्धेची कबुली देतात, त्या श्रद्धेत बाळाचा बाप्तिस्मा होतो. त्यामुळे 'मी मानतो' म्हणणाऱ्याने खरोखर मानायला हवं. फादर जी तपासणी करत आहेत ती एवढीच.

जुन्या विधीत गॉडमदरला महत्त्व फार होतं, त्याला एक घरगुती कारणही होतं. बाप्तिस्मा जन्मानंतर काही दिवसांतच उरकत. बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडायची नाही, मग आईविनाच बाळ चर्चला जायचं, गॉडमदरच्या हातात. माझ्या स्वतःच्या बाप्तिस्म्याला माझी आई नव्हती. १९६९ च्या विधीने आई-वडिलांना पुढे आणलं आणि गॉडपेरेंटना त्यांच्या शेजारी, मदतीला. तरीही अजून एखादी आजी हटकतेच, "बाळ गॉडमदरकडे दे, आईने धरायचं नसतं." आईने खुशाल धरावं.

मात्र आई-वडील स्वतः गॉडपेरेंट होऊ शकत नाहीत, ही बंदी जुनी आहे. इसवी सन ८१३ च्या माइन्झच्या धर्मपरिषदेने ती घातली. सुरुवातीच्या शतकांत आई-वडीलच मुलांना घेऊन येत आणि त्यांच्यासाठी बोलत, नंतर हे बदललं. कर्जदारानेच स्वतःला जामीन राहायचं नाही, एवढं साधं त्यामागचं तर्कशास्त्र आहे.

आता नियम. सध्याचा कायदा म्हणजे कॅथलिक चर्चची १९८३ ची संहिता, कलमं ८७२ ते ८७४. उभा राहणारा एक पुरुष किंवा एक स्त्री किंवा दोघं मिळून. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया नाहीत, आणि हल्ली मोबाइलवर फोटो पाहून लोक मागतात तसे चार-सहा तर मुळीच नाहीत. (हे आकडे ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये घालून दिले, तेव्हाही युरोपात मानपानाची हीच बोंब होती.) वय सोळा पूर्ण, पण योग्य कारण असेल तर फादर सूट देतात. कॅथलिक असावा, दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा, बहुधा बिशपांच्या हातून होणारा संस्कार) झालेलं असावं, ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली पवित्र भाकर) घेतलेला असावा, या कामाला शोभेल असं श्रद्धेचं जगणं असावं. आपल्याकडे गाडी बहुतेक वेळा दृढीकरणावर अडते. बिशप येतात त्या वर्षी मुलगा आयटीआयला किंवा नोकरीला बाहेरगावी असतो, राहून जातं, आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पुतण्याच्या बाप्तिस्म्याला उभं राहायचं ठरलं की कळतं, अरे, आपलं झालंच नाही. लाज वाटायचं कारण नाही, फादरांना सांगून करून घ्यावं. मी तिशीतल्या लोकांना शाळकरी मुलांच्या रांगेत उभं राहून दृढीकरण घेताना पाहिलं आहे.

तुमच्या चार नावांकडे येते.

मित्र. तुमची मैत्री किती जुनी आहे हा प्रश्नच नाही. जो माणूस येशूला प्रभू मानत नाही, त्याला सगळ्यांसमोर 'मी मानतो' म्हणायला लावायचं, यात त्याचाही अपमान आहे. मी असा एक बाप्तिस्मा पाहिला आहे. तो भला माणूस चुळबुळत उभा, ओठ हलताहेत, आवाज नाही. मित्राला पहिल्या बाकावर बसवा, मुलीला त्याच्या मांडीवर द्या, आयुष्यभर तिचा काका म्हणून राहू दे. काका होण्यासाठी चर्चची परवानगी लागत नाही.

मेहुणी. इथे सासरकडची मंडळी दुखावली असणार, म्हणून जरा सविस्तर. शरणपूर ही १९व्या शतकात इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली वस्ती, म्हणजे अँग्लिकन परंपरेची. ते चर्च १९७० साली इतर पाच चर्चेसबरोबर मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकनांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात गॉडपेरेंट तीन सांगितलेले आहेत: मुलगा असेल तर दोन गॉडफादर, एक गॉडमदर; मुलगी असेल तर उलट. त्यामुळे तुमच्या सासूबाईंच्या मनात मुलीला दोन गॉडमदर असतील, तर ते त्यांनी आपल्या मनाने काढलेलं नाही, त्यांच्याकडची ती रीतच आहे. त्यांच्याकडचा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा आपलं चर्च मान्य करतं, कुणाला पुन्हा बाप्तिस्मा देत नाही. फक्त कॅथलिक श्रद्धेचा जामीन कॅथलिक असावा, एवढंच म्हणणं आहे. कायदा तिला बाहेर ठेवत नाही. कॅथलिक गॉडपेरेंटच्या सोबतीने ती ख्रिस्ती साक्षीदार म्हणून उभी राहू शकते आणि तिचं नाव नोंदवहीत साक्षीदार म्हणून लागतं. फादरांनी 'नाही' म्हटलं तेव्हा ते गॉडमदर या शब्दाला म्हटलं असावं. 'साक्षीदार म्हणून चालेल का' असं विचारून पाहा. बहुतेक गुंता तिथेच सुटेल.

(तुमच्या ओळखीत केरळी सिरो-मलबार (पौर्वात्य रीतीची कॅथलिक) कुटुंबं असतील तर त्यांचे नियम वेगळे, १९९० च्या पौर्वात्य संहितेचे. त्यात गॉडपेरेंट आणि बाप्तिस्मा घेतलेला किंवा त्याचे आई-वडील यांच्यात लग्नच होऊ शकत नाही. आपल्याकडेही गॉडपेरेंटने ज्याला उभं केलं त्याच्याशी लग्न चालत नसे, ती अट १९८३ च्या संहितेत गेली. आमच्याकडच्या आज्या अजून 'गॉडफादरच्या पोरीशी लग्न नको' म्हणतात, ती या नियमाची ताणलेली शेपटी.)

आत्या. आईंचा हट्ट कुठून येतो हे कळायला वेळ लागत नाही. बारशाला पाळण्यात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, मग चर्चमध्ये नाव ठेवायचं तर आत्याच हवी. आपण ख्रिस्ती झालो तरी आत्या आत्याच राहिली, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. पण बाप्तिस्मा म्हणजे बारसं नव्हे. बारसं घरी करा, कानात कुर्र आत्याने करावं, पेढे वाटावेत, फादरांनाही बोलवा. तिच्या लग्नाबद्दल मात्र हळुवारपणे बोला. कॅथलिक व्यक्तीने चर्चची परवानगी न घेता नुसतं कोर्टात लग्न केलं असेल तर चर्च ते लग्न धरत नाही, आणि ते नीट होईपर्यंत तिला दुसऱ्याच्या श्रद्धेचा जामीन होता येत नाही. जोडीदार हिंदू असणं ही अडचण नाही, बिशपांच्या परवानगीने चर्चमध्ये अशी लग्नं होतात. झालेलं लग्नही नीट करून घेता येतं. नवरा पुन्हा विधीला उभा राहायला तयार नसला तरी एक वाट असते, फादर बिशपांकडे अर्ज करून लग्नाला मुळापासून मान्यता मागू शकतात. हे तिने आणि फादरांनी एकांतात बोलायचं. घरच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, 'तुझ्यामुळे अडलंय' असं तिला कुणी म्हणू नये. अशा एका वाक्याने चर्चपासून कायमची तुटलेली एक बाई मला माहीत आहे.

उरला भाऊ. तुमच्या पत्रावरून तोच योग्य दिसतो, जर दृढीकरण झालेलं असेल तर. येऊ शकला तर उत्तम. नाहीच जमलं तर पुष्कळ ठिकाणी त्याच्या वतीने दुसरा कॅथलिक माणूस उभा करू देतात, नोंद मात्र भावाच्या नावाची होते. फादरांना आधी विचारा. व्हिडिओ कॉल हा त्याला पर्याय समजू नका. एकदा एका मामाने फोनच्या पडद्यावरून क्रुसाची खूण केली, ऐन वेळी नेटवर्क गेलं आणि सगळं चर्च 'हॅलो, हॅलो' ऐकत बसलं.

म्हणजे भाऊ गॉडफादर, मेहुणी साक्षीदार. गॉडमदर नसली तरी चालतं, एक जण पुरेसा आहे. बेडवरच्या नाजूक बाळाला नर्सने तातडीने बाप्तिस्मा दिला तर एकही गॉडपेरेंट नसतो आणि तो बाप्तिस्मा पूर्ण धरला जातो; बाळ वाचलं की चर्चमध्ये आणून उरलेला विधी करतात, तेव्हा गॉडपेरेंट उभे राहतात. सिसिलीतल्या कातानियाच्या धर्मप्रांताने तर २०२१ मध्ये तीन वर्षांसाठी गॉडपेरेंट ठेवणंच थांबवलं, कारण तिथे त्याचा निव्वळ सामाजिक देखावा उरला होता. दुसऱ्या टोकाला काही ठिकाणी 'आई, वडील, गॉडफादर, गॉडमदर, आजी-आजोबा यांच्या नावाने आम्ही तुझा बाप्तिस्मा करतो' अशी भर घालायला लागले, तेव्हा २०२० मध्ये रोमने सांगितलं की 'आम्ही' म्हणून दिलेला बाप्तिस्मा होतच नाही. तेव्हा गॉडपेरेंटची किंमत ओळखायची तर ती विधीच्या नंतरच्या वर्षांत.

त्या वर्षांबद्दल एक माणूस सांगते. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये शिफ्टला असायचा. मित्राच्या मुलाला उभा राहिला. काही वर्षांनी मित्र दारूत गेला, घरात रविवार उरला नाही. हा माणूस रात्रपाळी करून सकाळी सायकलवर त्या पोराला घ्यायला जायचा, मागे कॅरिअरवर बसवून मिस्साला. मिस्सात स्वतः डुलक्या काढायचा. धर्मशिक्षणाच्या वर्गात पोराला सोडून बाहेर बाकावर झोपायचा. पहिल्या ख्रिस्तप्रसादाला पांढरा शर्ट त्यानेच शिवून घेतला. कधी उपदेश केला असेल असं वाटत नाही, बोलणारा माणूसच नव्हता. त्या मुलाच्या दृढीकरणाला पुन्हा तोच उभा राहिला, आणि कायदाही हेच सुचवतो की शक्यतो बाप्तिस्म्याचाच गॉडपेरेंट दृढीकरणाला असावा. मुलगा आज बाप आहे. त्याच्या मुलीच्या वेळी माझ्या वर्गात आला तेव्हा म्हणाला, "टीचर, मला माहितीय गॉडफादर काय करतो, मला शिकवू नका."

भाऊ दुबईत असेल तर सायकल नाही जमणार. पण बाप्तिस्म्याची तारीख लक्षात ठेवता येते. वाढदिवस सगळेच ठेवतात, बाप्तिस्म्याच्या दिवशी फोन करणारा एखादाच. बाप्तिस्म्यात पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती देतात, ती जळती ठेवायला आई-वडील आणि गॉडपेरेंट यांना सांगितलेलं असतं. ती फ्रेम करून भिंतीला लावू नका, जपून ठेवा आणि दर वर्षी त्या दिवशी पाच मिनिटं पेटवा, काका फोनवर असताना. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की हे देव-बीव खरं का असं विचारायला लागेल, चौदाव्या वर्षी चर्चला येत नाही म्हणेल. तेव्हा आई-वडिलांपेक्षा वेगळा, पण आपलाच, एक माणूस तिला लागेल. भावाला आत्ताच विचारा, त्या दिवशी तू फोन उचलशील का?

सोन्याबद्दल थोडक्यात. गॉडमदरने पांढरा झगा आणायचा, गॉडफादरने चेन घालायची, ही रूढी आहे, नियम नाही. चार घरी स्वयंपाक करणारी एक बाई, रोज सकाळी मिस्साला येणारी, भाचीची गॉडमदर व्हायला नाही म्हणत होती. चेन कुठून आणू, एवढंच कारण. तिला राजी करायला मला तिच्या घरी तीनदा जावं लागलं. शेवटी तिने स्वतःच्या लग्नातल्या साडीची जर काढून बाळाला टोपडं शिवलं. चेन घालू शकणारा जावई बाजूला पडला म्हणून घरात महिनाभर अबोला होता.

निवड करताना हेही लक्षात असू द्या की नंतर नाव बदलता येत नाही. भांडण झालं, दिवाळखोरी झाली, गॉडफादर दुसऱ्या पंथात गेला, लोक अर्ज घेऊन येतात. नोंदवही त्या दिवशी कोण उभं होतं ते सांगते, आणि ते बदलत नाही. मुलीचं दृढीकरण आणि लग्न पुढे याच नोंदीच्या समासात लिहिलं जाईल.

ऑफिसात जाताना मुलीचा महानगरपालिकेचा जन्मदाखला, तुमच्या लग्नाची नोंद आणि भावाचं दृढीकरणाचं प्रमाणपत्र न्या. जन्मदाखल्यावरचं नाव आणि बाप्तिस्म्याचं नाव वेगळं ठेवणार असाल तर दोन्ही स्पष्ट लिहून द्या, नाहीतर पंधरा-वीस वर्षांनी कागदांच्या जुळवाजुळवीत तीच मुलगी वैतागेल. भाऊ तिथे ज्या चर्चला जातो तिथल्या फादरांचं पत्रही बहुधा मागतील, की हा आमच्याकडचा नेमाने येणारा कॅथलिक आहे. तिकडची चर्च प्रचंड मोठी, सुट्टीच्या दिवशी हजारो लोक, पत्र लगेच मिळत नाही. आज रात्रीच त्याला मेसेज टाका.